नवव्या प्रकरणातली बाई

सर, तुमच्या पुस्तकाच्या नवव्या प्रकरणात एक पान कालपर्यंत खोटं होतं. लिहिलंत तुम्ही, पण खोटं माझं होतं. आज गुरुवार. सोमवारी छापखान्याला शेवटची तपासलेली पानं परत द्यायची आहेत, आणि ती तपासायचं काम वहिनींनी माझ्या गळ्यात घातलंय. शिवाय म्हणाल्या, "शेवटी काही पानं रिकामी राहतायत, तिथं तुम्ही ह्यांच्याविषयी चार शब्द लिहा." चार शब्द. ज्या माणसाला रिक्षावाल्याला पत्ता सांगायला पाऊण तास लागतो, त्याला चार शब्द.

तर बसलोय लिहायला. खोटं नाही सांगत, दमलोय. थापा मारायलाही अंगात रग लागते, हे तुम्ही गेल्यावर कळलं. तेराव्याच्या मांडवात सवयीनं सुरू झालो होतो. म्हणालो, सरांना अकरा भाषा येत होत्या. कैरोच्या विद्यापीठानं दोनदा विमान पाठवलं, पण सरांना इथली भाकरी सोडवेना. लोक माना डोलवत होते. एका बाईंनी तर डोळे पुसले. आणि मी मधेच थांबलो, कारण समोरून कुणी चष्मा कपाळावर सरकवून "संदर्भ?" असं विचारलं नाही. तुमच्या त्या एका शब्दाला मी पंधरा वर्षं शिव्या दिल्या. आता कुणी विचारत नाही, तर थाप नुसतीच पडून राहते, जेवण झाल्यावर न उचललेल्या पत्रावळीसारखी.

पुस्तक वाचणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक नाही, आणि तुम्हालाही अर्धीच ठाऊक होती, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या मालकांचे माग होते. टॉवेल निघायचे, आणि ते विकायचं काम माझं. मालकांना कैरोला टॉवेलच्या प्रदर्शनाला जायचं होतं. सोबत बोलणारा माणूस हवा म्हणून माझं नाव निघालं. ही बातमी गल्लीत पोचली आणि दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. डावीकडे पिरॅमिड, उजवीकडे उंट, मधे गॉगल घातलेला मी, आणि खाली सत्तावीस शुभेच्छुक. खरं म्हणजे उंट माझ्यापेक्षा बरा दिसत होता. बायकांनी ओवाळलं, पोरांनी स्टेशनपर्यंत हलगी वाजवली. आणि मुंबईत एजंटाच्या कचेरीत कळलं की माझ्या कागदांत एक कागद कमी आहे, व्हिसा नाही. मालक एकटे गेले.

आता सांगा, हलगी लावून पाठवलेला माणूस तिसऱ्या दिवशी बॅग घेऊन परत कसा येणार? मी वापीला मेव्हण्याकडे गेलो आणि नऊ दिवस त्याच्या फ्लॅटमधून बाहेर पडलो नाही. मालकांनी परत येताना पपायरसवरचं एक चित्र आणून दिलं. "घे, आणि गप्प बस," म्हणाले. चित्र घेतलं. गप्प मात्र बसवलं नाही. महिन्याभरात गल्लीत माझं नाव कैरोशेठ पडलं होतं, आणि मी नाईलमधून पोहत पलीकडे गेलो होतो, मगरीच्या डोक्यावर पाय देऊन.

अशात एका दुपारी तुम्ही दारात उभे. सोलापूरचं ऊन, तुमच्या हातात वही, पाठीवर घामाचा नकाशा. म्हणालात, मी इतिहास शिकवतो, तुम्ही कैरोला जाऊन आलात असं ऐकलं. मी पिरॅमिड सुरू करणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "पिरॅमिड सोडून सांगा. लोक कसे आहेत?"

सर, त्या प्रश्नानं माझी जी पंचाईत केली, तशी कुठल्या पोलिसानं केली नसती. पिरॅमिडबद्दल कुणीही ठोकून देईल. लोक कुठून आणायचे?

तुम्हाला राग होता तो ह्याचाच. "लोकांना वाटतं, शेवटची ममी गुंडाळली आणि इजिप्त बंद झालं. मधली दीड-दोन हजार वर्षं तिथं कुणी जेवलंच नाही की काय? कुणाचं लग्न झालं नाही? कुणी चिखलात पाय रोवून पेरलं नाही?" तुमचं पुस्तक त्या जेवणाऱ्या-पेरणाऱ्यांचं होतं. राजे येतील-जातील, तुम्ही म्हणायचा, फल्लाह तिथंच असतो. फल्लाह म्हणजे नांगरणारा, हेही तुम्हीच सांगितलंत, आणि पुढच्या आठवड्यात मी तुम्हालाच ते असं सांगितलं, जणू मला एका नांगरणाऱ्यानं बांधावर बसवून शिकवलं होतं.

कारण मी तेच करत होतो. तुम्ही मला पुस्तकं वाचायला द्यायचा, मी ती वाचायचो, आणि दर रविवारी तुमचंच धान्य दळून तुम्हाला परत आणून द्यायचो. तुम्ही म्हणायचा, "हे तुम्ही स्वतः पाहिलंत?" मी म्हणायचो, "ह्या डोळ्यांनी." तुम्ही वहीत लिहून घ्यायचा आणि मग घरी जाऊन पुस्तकाशी ताडून बघायचा. जुळायचंच. न जुळायला काय झालं.

पण एक सांगू? त्या रविवारांत मला इजिप्त खरंच दिसायला लागलं. विणकर वस्तीतल्या आपल्या नेहमीच्या हॉटेलात बसून तुम्ही सांगत होतात की तिथं बापजाद्यांची भाषा कशी हळूहळू गेली. आधी बाजारातून गेली, मग अंगणातून, मग चुलीपासून, आणि शेवटी फक्त चर्चमधल्या प्रार्थनेत उरली. शेजारच्या टेबलावर दोन मागवाले तेलुगूत भांडत होते, चहावाल्याशी मराठीत बोलत होते, आणि अक्कलकोटच्या गाडीचा कंडक्टर बाहेरून कन्नडमध्ये हाका मारत होता. तुम्ही बोट दाखवून म्हणालात, "हे बघा. भाषा मरत नाही, ती अशी खोली बदलत बदलत मागच्या दारानं जाते." मी त्या रविवारी एक अक्षर वाढवून सांगितलं नाही. घरी माझ्या बायकोला, मंदाला वाटलं, मला ताप आलाय.

ममलूकांवरून आपलं भांडण झालं ते आठवतं का? दूर उत्तरेकडून विकत आणलेली पोरं, त्यांना घोड्यावर बसायला आणि तलवार चालवायला शिकवायचं, आणि तीच मोठी होऊन तख्तावर बसायची. मी म्हणालो, व्वा, गुलामाचं राज्य, ह्याला म्हणतात नशीब. तुम्ही तापलात. म्हणालात, "विकत आणलेला राजा झाला, पण जन्मानं तिथला होता तो फल्लाह काही राजा झाला नाही. शतकानुशतकं त्याच्यावर बाहेरच्यांनीच राज्य केलं. ह्याला काय म्हणतात सांगा, प्रवासी." तुम्ही मला प्रवासी म्हणायचा. दर वेळी मी घाईनं दुसरा चहा मागवायचो.

आणि प्लेगच्या प्रकरणात तुम्ही काय लिहिलंय, माणसं किती मेली ते नाही. गावं ओस पडली, कालव्यांतला गाळ उपसायला हात उरले नाहीत, म्हणून नदीला पूर येऊनही पाणी शेतापर्यंत पोचलं नाही, हे लिहिलंय. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या माणसालाही कळेल असं लिहिलंय.

एकदाच असं झालं की मला वाढवायला जागाच मिळाली नाही. तुम्ही तिथला सत्ताधीश जो पाशा, त्याच्या लष्करभरतीबद्दल सांगत होतात. गावोगाव दोरखंडानं बांधून माणसं न्यायचे. मग आया आपल्या पोरांचा एक डोळा घालवायच्या, कुणी बंदुकीच्या चापावरचं बोट तोडून घ्यायचं, म्हणजे लष्कर नको म्हणेल. मग पाशानं एकडोळ्यांचीच पलटण उभी केली. तुम्ही हे अगदी साध्या आवाजात सांगितलंत आणि बशीत चहा ओतलात.  माझ्यासारख्याला थिटं पाडणारा इतिहास असू शकतो, हे मला आवडलं नव्हतं.

टॉवेलवरून तर तुम्ही मला कायम धारेवर धरलंत. मी गिऱ्हाईकाला सांगायचो, हात लावून बघा, मिसरचा कापूस आहे, राणीसुद्धा ह्यानंच तोंड पुसते. तुम्ही म्हणायचा, "ज्यानं तो लांब धाग्याचा कापूस पिकवला, त्याच्या अंगावर जाडंभरडं होतं. गिऱ्हाईकाला हेही सांगत जा." सांगितलं असतं तर टॉवेल विकला असता का सर? आणि तो कालवा. ज्या मातीत हातांनी उकरून फल्लाहांनी दोन समुद्र जोडले, त्यात परवा ते अवाढव्य जहाज आडवं अडकलं, तेव्हा आमच्याही मालाचा कंटेनर रांगेत होता. मी एमआयडीसीत सांगितलं की मी कप्तानाला फोन करून स्टिअरिंग डावीकडे मारायला सांगितलं. तुम्ही हसत हसत म्हणालात, "कालवा खणताना जे गेले, त्यांच्यापैकी एकाला तरी फोन लागला असता तर बरं झालं असतं."

ह्या सगळ्यात तुमच्या आई होत्या. मी त्यांना मावशी म्हणायचो. जुळे सोलापुरातल्या तुमच्या घराच्या पायरीवर त्या शेंगा फोडत बसलेल्या असायच्या. कैरोच्या तहरीर चौकात माणसं जमली होती तेव्हा आपण टीव्हीपुढं होतो. मी पडद्यावर बोट ठेवून सांगत होतो, ह्या कोपऱ्यावर मी चहा प्यायलो. मावशींनी विचारलं, "एवढी मानसं कशापायी गोळा झाल्यात रं?"

"भाकरी मागतायत आई," तुम्ही म्हणालात. "आणि मोकळं जगायला मागतायत. त्यांच्या बोलीत भाकरीचा आणि जगण्याचा शब्द एकच आहे."

"मंग? आनि येगळं काय असतं?" म्हणून त्यांनी शेंग फोडली.

तुम्ही ते वाक्य जसंच्या तसं पुस्तकात घेतलंत. फक्त कुणाचं ते लिहिलं नाहीत. 'एका वृद्ध स्त्रीने म्हटल्याप्रमाणे' असं लिहिलंत. आईबद्दल तुम्ही कधी थेट लिहिलंच नाहीत, बोललाही नाहीत फारसं. का, ते मला उशिरा कळलं.

तुमचं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. तुम्ही तेव्हा सोलापुरात वसतिगृहात, सातवीत. दिवाळीला गेलात तर गाव नव्हतं. माळावर पत्र्याची घरं होती आणि आई भाकरी थापत होती. तुम्ही विचारलंत, आपलं घर सोडताना तू रडलीस का? त्या म्हणाल्या, रडायचं काय त्यात, ट्रॅक्टरवर बसलो नि आलो. तुम्ही मला हे एकदाच सांगितलंत, अक्कलकोट रोडला गाडी पंक्चर झाली होती तेव्हा, पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर. म्हणालात, "आमच्या आईला काही वाटतच नाही हो. मला बोलावलंसुद्धा नाही. दगडासारखी बाई आहे." मी त्यावर काहीतरी फालतू विनोद केला.

त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी तुम्ही कॉलेजात होतात, वहिनी शाळेत शिकवायला. मी तुमची पुस्तकं परत द्यायला आलो. मावशी पायरीवर. म्हणाल्या, बस. मी बसलो, शेंगा फोडायला लागलो, आणि त्यांनी एकदम विचारलं, "तू तकडं गेला न्हवतास न्हवं?"

"कुठं?"

"मिसरला."

मी म्हणालो, मावशी, ही काय विचारायची गोष्ट झाली, चौकात बोर्ड लागला होता.

"बोरड लागला हुता, व्हय. पन जो मानूस परमुलखाला जातो त्यो आल्या आल्या जेवनाचं सांगतो. हे खाल्लं, ते गिळवंना, भाकरीची लई याद आली. तू वरीस झालं उंटाचंच सांगतूस."

पंधरा वर्षांत मला पकडलं ते फक्त त्यांनी.  त्या म्हणाल्या, "न्हाय सांगत कुनाला. त्याला तू आल्यावर बरं वाटतं." त्यांनी आणखी शेंगा माझ्यापुढं ओतल्या. आणि मग त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो, माझा एक शब्द न घालता:

"गाव सोडायच्या दिशी म्या पाटंचं उठले आनि घर सारवाय घेतलं. आतलं, भायेरचं, समदं. ह्याचा बा वरडाय लागला, बुडनाऱ्या घराला सारवतीस व्हय, येडी झालीस. म्या म्हनलं, पानी यायचंय न्हवं आत, मग घर नीट नको व्हय. चुलीवरनं पोतेरं फिरवलं. जातं लई जड, ते न्याया कोन तयार हुईना. मग त्याला एक मूठ जवारी घातली, एक फेरा दिला, आनि तसंच ठिवलं. निघताना वल्या सारवनावर माजी पावलं उठली. पुसावी वाटली, पन टॅक्टरवाला भोंगा वाजवत हुता. पान्यानं पुसली असत्याल."

मी म्हणालो, मावशी, हे सरांना सांगा. ते काहीतरी वेगळंच धरून बसलेत.

"न्हाय. तवा सांगितलं असतं तर साळा सोडून तितंच पान्याकडं बगत बसला असता. आनि आता सांगून त्याला काय मिळायचं? तूबी सांगू नगंस. वचन दे."

"मग मला कशाला सांगितलंत?"

"तुजं कोन खरं धरतंय," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. दोनच दात, पण काय हसल्या.

मी वचन दिलं. आयुष्यात मी वचनं पुष्कळ दिली, पाळलं ते हे एकच, आणि हेच पाळायला नको होतं.

मावशी गेल्या. तुम्ही नवव्या प्रकरणावर अडकलात. अस्वानचं मोठं धरण, त्यात जमिनी गेलेले दक्षिणेकडच्या नुबियाचे लोक, गावंच्या गावं उचलून दूर वसवलेली. तुम्ही दीड वर्ष त्याच प्रकरणावर. मला म्हणालात, "माझ्याकडे आकडे आहेत प्रवासी. घरं किती, माणसं किती. माणूस एकही नाही." तुमचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. आणि तोंडात आयती गोष्ट होती. वचनही मोडायचं नव्हतं. मग मी तेच केलं जे मला येतं. म्हणालो, कैरोत आमच्या हॉटेलचा दरवान नुबियाचा म्हातारा होता, त्यानं मला त्याच्या आईचं सांगितलं होतं. आणि मावशींचं घर उचलून मी नाईलच्या काठावर ठेवलं. शेण काढलं, माती घातली. ट्रॅक्टर काढला, बोट घातली. ज्वारी मात्र काढायची राहिली.

तुम्ही लगेच पकडलंत. "ज्वारी? नुबियात?"  वाटलं, आता थाप उघडी पडणार, सुटलो एकदाचा. आठ दिवसांनी तुम्ही आलात ते चार पुस्तकं काखेत मारून, चेहरा उजळलेला. "पिकते हो. तिथं ज्वारीच पिकते, ज्वारी मूळची तिकडचीच. आणि भिंती मातीनं लिंपायचं काम बायकाच करतात. तुम्हाला हे ठाऊक असणं शक्य नाही, म्हणजे म्हातारा खरं बोलला." सर, तुम्ही इतके पक्के इतिहासकार की माझ्या थापेला पुरावा शोधून आणलात. मग ते पान एका बैठकीत लिहिलंत, खाली तळटीप टाकलीत, 'लेखकाच्या मित्राने कैरो येथे प्रत्यक्ष ऐकलेली हकीकत', आणि माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मी ती टीप वाचून घरी आलो आणि जेवलो नाही. मंदानं विचारलं तर म्हणालो, कैरोची आठवण आली. तिनं कपाळावर हात मारला. तिच्या भावाचं वापीचं घर, तिला ठाऊक नाही होय.

आता ते सांगतो जे तुम्हाला सांगायचं राहिलं.

दवाखान्यात, शेवटून तिसऱ्या दिवशी, तुम्ही खिडकीकडं बघत म्हणालात, "ती नुबियाची बाई माझ्या फार मनात येते. आमची आई तशी असती तर." चादरीची घडी सरळ केलीत. "आमच्या आईनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही." आणि मग माझ्याकडं वळून, "तिचं गाव कुठलं हो? आणि नाव? टिपेत घालू या. एवढी बाई, नाव नको तिला?"

सर, मावशी गेलेल्या होत्या. वचनाला कुणी विचारणारं नव्हतं. तुमच्याकडं तीन दिवस होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण फार नाहीत एवढं दिसत होतं. एका वाक्याचं काम होतं. ती तुमची आई होती, एवढंच म्हणायचं. मी तोंड उघडलं. आणि उंटाची गोष्ट सांगितली, फ्लेक्सवरचा उंट मला कैरोत कसा भेटला आणि त्यानं मला कसं ओळखलं. तुम्ही हसलात. खोकला आला तरी हसलात. म्हणालात, "जा आता घरी, दमलात."

मी का नाही बोललो? भीती वाटली. आईचं सांगायचं तर दरवान खोटा होता हे सांगावं लागणार, दरवान खोटा तर कैरो खोटं, आणि कैरो खोटं तर त्या पहिल्या दुपारी तुम्ही ज्याच्या दारात आलात तो माणूसच नव्हता. तुम्हाला आई मिळाली असती, पण मला सर गमवावे लागले असते, असं वाटलं. मी स्वतःला वाचवलं. तुम्ही आईला दगड समजत गेलात. हे मी केलंय. ह्यात काहीही वाढवून सांगितलेलं नाही.

काल दुपारी तुमच्या घरी गेलो. वहिनींपुढं नववं प्रकरणच होतं. म्हणाल्या, "भाऊजी, हे पान ह्यांचं सगळ्यात चांगलं जमलंय. मागच्या कव्हरवर ह्यातलंच घ्यावं का?"

मग मी सांगितलं. वापीपासून. इतक्या कमी शब्दांत मी आयुष्यात काही सांगितलेलं नाही.

वहिनींनी चष्मा काढून ठेवला. "म्हणजे तुम्ही इजिप्तला गेलाच नाहीत."

"नाही."

"नऊ दिवस वापीत काय केलंत?"

"मेव्हण्याच्या मुलीला पाढे शिकवले."

"मग ही बाई कोण?"

"मावशी."

"कुणाची मावशी?"

"तुमच्या सासूबाई, वहिनी."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "सव्वीस वर्षं मी त्यांच्याबरोबर एका ओट्यावर स्वयंपाक केला. मला नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं."

"मी थापाड्या म्हणून."

"तरी लागलं मला." मग, "आणि ह्यांना तुम्ही शेवटपर्यंत..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. उठून आत गेल्या. आत नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला. मी बसून राहिलो. 

बाहेर आल्या त्या तुमचं लाल पेन घेऊन. मी म्हणालो, "पानच काढून टाकू. टीपही."

"काढायचं नाही. नीट करायचं." अगदी शाळेतला आवाज. "नुबियाचं जे ह्यांनी शोधलं ते खरं आहे, ते तसंच राहील. तिथली बाई कोण होती ते आपल्याला माहीत नाही, असं सरळ लिहा. आपल्याला आपली माहीत आहे. ती इथली आहे असं सांगून लिहा."

"इजिप्तच्या पुस्तकात?"

"लोकांचं पुस्तक आहे ना? मग. दरवान काढा. बोट काढा, ट्रॅक्टर घाला. माती खोडा, शेण लिहा. त्यात लाजायचं काय. गाव माळेवाडी, तालुका करमाळा. बाईचं नाव सगुणा."

सर, पंधरा वर्षं तुमच्या घरी जेवलो, मावशींचं नाव मला ठाऊक नव्हतं.

टीप त्यांनी सांगितली, मी लिहिली: 'लेखकाच्या आईने लेखकाच्या मित्राला सांगितलेली हकीकत. लेखकाला ती तिची म्हणून कधी कळली नाही.' खाली माझं नाव तसंच ठेवलं. वहिनी म्हणाल्या, "ते राहू दे. जबाबदारी तुमचीच आहे."

मग त्या पान मोठ्यानं वाचायला लागल्या, वाक्य वाक्य, आणि मी खोडत गेलो, लिहीत गेलो. सारवण आलं. पोतेरं आलं. शेवटच्या ओळीशी त्या थांबल्या. "'तिने जात्यात पायलीभर ज्वारी ओतली.' पायलीभर? भाऊजी, जात्याच्या तोंडात पायली मावते का?"

"नाही."

"मग किती होती?"

मी पेन टेकवलं आणि पायली खोडली.

"मूठ," म्हणालो. "एकच मूठ होती."